आठवड्याला ३,००० मैल कसे होतात: अमेरिकेत लांब पल्ल्याचा ट्रक नव्याने चालवणाऱ्यांसाठी

ट्रक कंपन्यांच्या भरतीच्या जाहिरातीत 'आठवड्याला ३,००० मैल' असं मोठ्या अक्षरात असतं. मीही ते वाचूनच या धंद्यात आलो. एकट्याने गाडी हातात घेतल्यावर पहिल्या पूर्ण आठवड्यात माझे झाले १,७४० मैल, आणि दमणूक मात्र तीन हजारांची. ज्या पंजाबी पाजींनी मला सहा आठवडे शेजारी बसवून शिकवलं होतं त्यांना फोन लावला. म्हटलं, पाजी, मी गाडी फार हळू चालवतो बहुतेक. ते म्हणाले, "पहिए कितने घंटे घूमे, वो देख पहले."

लॉग, म्हणजे कामाच्या तासांची नोंद, उघडून बेरीज केली. चाकं फिरली होती ३५ तास. आणखी ३० तास मी कामावर होतो, पण गाडी जागच्या जागी: गोदामाच्या दारात, वजनकाट्यावर, डिझेलच्या रांगेत. ताशी पाच मैल जास्त पळवले असते तर त्या ३५ तासांत पावणेदोनशे मैल वाढले असते. उभ्या ३० तासांतले दहा वाचवले असते तर पाचशे.

ते दहा तास कसे वाचवायचे, एवढंच या लेखात आहे. कंपनीच्या गाडीवर एकट्याने ड्राय व्हॅन (साधा बंद ट्रेलर) किंवा रीफर (थंड ठेवणारा ट्रेलर) ओढणाऱ्या नव्या माणसासाठी लिहितोय. फ्लॅटबेड, टँकर आणि दोघांनी मिळून चालवायच्या टीम गाड्यांची गणितं वेगळी.

१. शाळेची फी भरण्याआधी

लागतो तो क्लास ए सीडीएल, म्हणजे जड ट्रक-ट्रेलर चालवायचा व्यावसायिक परवाना. राज्याच्या हद्दीबाहेर माल न्यायचा तर वय २१ पूर्ण हवं. ७ फेब्रुवारी २०२२ पासून फेडरल 'ट्रेनिंग प्रोव्हायडर रजिस्ट्री'त नाव असलेल्या शाळेतच शिकावं लागतं, नाहीतर गाडीच्या परीक्षेला बसताच येत नाही. म्हणून शाळेचं नाव आधी त्या यादीत शोधा, मग पैशाचं बोला. शिकाऊ परमिट मिळाल्यावर किमान १४ दिवस गेल्याशिवाय ती परीक्षा देता येत नाही, त्यामुळे 'आठवड्यात परवाना हातात' असं कुणी सांगत असेल तर तिथून निघा.

ही कागदं गोळा करून एका पाकिटात ठेवा:

- राज्याचा साधा वाहन परवाना, राहत्या पत्त्याचे पुरावे, सोशल सिक्युरिटी कार्ड
- नागरिकत्वाचा किंवा ग्रीन कार्डचा पुरावा
- मेडिकल कार्ड. ते फेडरल यादीतल्या तपासनीसाकडूनच घ्यावं लागतं आणि जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं
- मागच्या दहा वर्षांत कुठे, केव्हा, काय काम केलं त्याची यादी, मधल्या रिकाम्या महिन्यांसकट. भारतातल्या नोकऱ्याही लिहा
- ड्रग अँड अल्कोहोल क्लिअरिंगहाउसमधली नोंदणी (चाचणीत सापडलेल्या ड्रायव्हरांची फेडरल नोंद तिथे असते)

ग्रीन कार्ड नसेल, नुसत्या व्हिसावर असाल, तर सप्टेंबर २०२५ पासून या बाबतीतले नियम फार आवळले गेले आहेत. राज्याच्या परवाना कार्यालयात जाऊन तुमच्या नेमक्या कागदांवर सीडीएल मिळतो का ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत शाळेला एक डॉलर देऊ नका.

मेडिकलमध्ये आपली माणसं रक्तदाबावर अडकतात. १४०/९० च्या आत असेल तर पूर्ण दोन वर्षांचं कार्ड, थोडा वर असेल तर एक वर्षाचं. इन्सुलिन घेत असाल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरलेला वेगळा फॉर्म न्यावा लागतो, तो आधीच भरून घ्या. आणि गांजा तुमच्या राज्यात कायदेशीर असला तरी सीडीएलवाल्याला चालत नाही. एकदा चाचणीत सापडलात की नाव क्लिअरिंगहाउसमध्ये लागतं आणि पुढची कंपनी ते बघितल्याशिवाय गाडी देत नाही.

परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिली तर परवान्यावर तसा निर्बंध पडतो आणि हाताने गिअर टाकायची गाडी चालवता येत नाही. आता बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या गाड्या ऑटोमॅटिकच आहेत, तेव्हा यावर झोप उडवून घेऊ नका. इंग्रजीचं मात्र लक्षात ठेवा. २५ जून २०२५ पासून रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजीत बोलता किंवा पाट्या वाचता आल्या नाहीत तर जागेवर गाडी बंद करतात. उच्चार कसेही असोत, प्रश्न ऐकून घेऊन शांतपणे उत्तर द्यायची सवय हवी.

२. घड्याळ पाठ करा

सगळा धंदा यावर चालतो, म्हणून इथे थोडं थांबतो.

सलग दहा तास विश्रांती झाली की तुम्हाला ११ तास गाडी चालवायला मिळतात. पण ते ११ तास, कामाला हात लावल्यापासून १४ तासांच्या आत संपवायचे. हे चौदाचं घड्याळ एकदा सुरू झालं की चहा प्यायला थांबा, गोदामात चार तास अडका, ते चालूच राहतं. आठ तास गाडी चालवून झाली की पुढे चालवण्याआधी अर्धा तास चाकं थांबवावी लागतात. वर आठ दिवसांत मिळून ७० तासांची मर्यादा (आठवड्याचे सातही दिवस न चालणाऱ्या कंपन्यांना सात दिवसांत ६०). सलग ३४ तास विश्रांती घेतली की ही सत्तरची पाटी कोरी होते.

आता जाहिरातीतला आकडा तपासू. उभ्या-आडव्या रस्त्यांची, गर्दीची, चढ-उतारांची सरासरी धरली तर ताशी ५० मैल पडतात, फार चांगल्या आठवड्यात ५४-५५. ३,००० मैलांना ५० च्या हिशेबाने ६० तास ड्रायव्हिंग लागतं. सत्तरातले उरले दहा, आणि त्यात तपासणी, डिझेल, माल भरणं, उतरवणं सगळं आलं. वर ३४ तासांची विश्रांतीही त्याच आठवड्यात बसवायची. म्हणजे ३,००० होतात, पण सगळं जुळून आलं तर. दर आठवड्याला होतात असं सांगणारा एकतर भरतीवाला असतो किंवा लॉगमध्ये हात मारणारा. पहिल्या वर्षी २,२०० ते २,५०० पडत असतील तर माझ्या मते तुमचं नीट चाललंय.

घड्याळ वाचवायच्या चार जागा आहेत.

पहिली: तो अर्ध्या तासाचा थांबा 'कामावर, पण ड्रायव्हिंग नाही' या नोंदीतही चालतो. म्हणजे डिझेल भरणं, टायर बघणं, शौचालय, सगळं त्याच अर्ध्या तासात उरका. नवीन माणूस वीस मिनिटं डिझेलला थांबतो आणि मग तीन तासांनी पुन्हा अर्धा तास ब्रेकला. आठवड्याला दोन-तीन तास तिथेच जातात.

दुसरी: स्लीपर स्प्लिट. स्लीपर म्हणजे ट्रकमधली झोपायची जागा. दहा तासांची विश्रांती दोन तुकड्यांत घेता येते. एक तुकडा किमान सात तास स्लीपरमध्ये, दुसरा किमान दोन तास स्लीपरमध्ये किंवा ऑफ ड्युटी, आणि दोन्ही मिळून दहा भरले पाहिजेत. असे दोन तुकडे जुळले की त्यातला कुठलाच चौदाच्या घड्याळात मोजला जात नाही. गोदामात तीन तास अडकलात आणि ते तीन तास स्लीपरमध्ये काढलेत, तर रात्री सात तासांचा तुकडा जोडून ते तीन तास परत मिळवता येतात. फक्त जोडी पूर्ण होईपर्यंत तास नोंदवणारी काही ईएलडी यंत्रं नियमभंग झाल्यासारखं लाल दाखवतात. पहिल्यांदा करण्याआधी कागदावर मांडून बघा आणि कंपनीच्या सुरक्षा विभागाला विचारा.

तिसरी: अनपेक्षित बर्फ, धुकं, अपघाताने बंद पडलेला रस्ता असेल तर दोन तासांपर्यंत वाढीव वेळ मिळतो. सकाळी निघतानाच बातमीत होतं ते वादळ यात बसत नाही. नोंदीत कारण आणि जागा लिहा.

चौथी सगळ्यात साधी. ईएलडी यंत्र ताशी पाच मैलांच्या आसपास गाडी हलली की आपोआप ड्रायव्हिंग लावतं, पण थांबल्यावर तुम्ही बदल केला नाहीत तर तुमचे सत्तरातले तास जळत राहतात. दारात गाडी लावली, हँडब्रेक ओढला, की पहिला हात यंत्राकडे गेला पाहिजे. मी मात्र पहिल्या महिन्यात कामावर असल्याच्या नोंदीतच झोपलो होतो. दोनदा.

३. पगाराचे मैल आणि रस्त्याचे मैल

पगार मैलांवर मिळतो, पण ओडोमीटरवर ६१० मैल दिसतात आणि पगाराच्या पावतीवर ५६५. चूक कुणाचीच नसते. काही कंपन्या एका शहराच्या ठरावीक बिंदूपासून दुसऱ्या शहराच्या ठरावीक बिंदूपर्यंतचं सर्वांत कमी अंतर मोजतात, काही ट्रकला खरंच जाता येईल अशा रस्त्याचं, आणि थोड्या कंपन्या प्रत्यक्ष चाललेलं. मुलाखतीत दर मैलाचे सेंट विचारण्याआधी 'मैल कसे मोजता' हे विचारा. साठ सेंटचा दर आणि कमी अंतराचं मोजमाप यापेक्षा छपन्न सेंट आणि खऱ्या रस्त्याचं मोजमाप कित्येकदा जास्त पैसे देतं.

त्याच दमात आणखी विचारा: रिकामी गाडी नेताना तोच दर आहे का? गोदामात अडकल्याचे पैसे कितव्या तासापासून? (बहुतेक ठिकाणी दोन तासांनंतर.) गाडी दुरुस्तीला असताना दिवसाला काय? राज्याराज्यांत माल नेणाऱ्या ड्रायव्हरला फेडरल कायद्यातला ओव्हरटाइम सहसा लागू होत नाही, म्हणून हे बारके आकडेच तुमचा ओव्हरटाइम.

दोन सापळे. एक, गाडी कंपनीची, डिझेल कंपनीचं, मार्ग कंपनी ठरवणार, आणि पगार मात्र १०९९ फॉर्मवर, म्हणजे तुम्हाला नोकर न धरता स्वतंत्र कंत्राटदार धरून. म्हणजे कंपनीने भरायचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा वाटाही तुम्हीच भरायचा. एकूण १५.३ टक्के. हातात येणारा चेक मोठा दिसतो आणि एप्रिलमध्ये तोंडचं पाणी पळतं. दुसरा, 'दर आठवड्याला थोडे पैसे भरा, तीन-चार वर्षांत ट्रक तुमचा' हा लीज-परचेसचा करार. फेडरल सरकारने नेमलेल्या अभ्यासगटाने जानेवारी २०२५ मध्ये अशा योजनांवर बंदीच घाला असं सुचवलं. पहिल्या वर्षी तर त्याच्या वाटेला जाऊच नका.

४. गाडीत काय असावं

कंपनी अग्निशामक, तीन परावर्तक त्रिकोण, गाडीची नोंदणी, विमा, परमिटचं पुस्तक देते. ते आहे का हे तुम्ही बघायचं. ईएलडीची माहितीपुस्तिका, तपासणीच्या वेळी नोंदी कशा पाठवायच्या त्याचा कागद, आणि यंत्र बिघडलं तर किमान आठ दिवस पुरतील इतके कोरे लॉग गाडीत असलेच पाहिजेत. हे कोरे कागद निम्म्या गाड्यांत नसतात.

स्वतःचं सामान: चांगला टॉर्च (दोन घ्या), टायर प्रेशर गेज, तेलकट कामाचे हातमोजे, फिफ्थ व्हीलचा (ट्रेलर ज्यावर टेकून जोडला जातो त्या चकतीचा) दांडा ओढायचा लांब आकडा, ट्रेलरच्या दाराचं कुलूप, दोन लोड बार (माल सरकू नये म्हणून लावायचे दांडे), चमकणारं जॅकेट, रबरी बूट, जादा काच-सफाईचं पाणी आणि ट्रकसाठी असलेला जीपीएस. मोटारींसाठीचा, फोनवरचा जीपीएस नको. तो तुम्हाला १३ फूट ६ इंच उंचीचा ट्रेलर घेऊन न्यूयॉर्कच्या पार्कवेवर पाठवेल, आणि तिथले दगडी पूल त्याहून ठेंगणे आहेत.

५. सुटण्याआधीची पंधरा मिनिटं

परीक्षेसाठी पाठ केलेली तपासणी दोन महिन्यांत सगळे विसरतात. मी तीन गोष्टी सोडत नाही.

टायर: पुढच्या टायरची नक्षी ४/३२ इंच, बाकीच्यांची २/३२ च्या खाली गेली की गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. आतला टायर वाकून, टॉर्च मारून बघायचा. नुसता बाहेरचा बघितला तर अर्धंच काम झालं.

दिवे आणि हवेच्या नळ्या. रात्री बंद दिसलेला एक दिवा म्हणजे पोलिसाला गाडी थांबवायचं आयतं निमित्त, आणि तपासणी म्हटली की अर्धा-पाऊण तास गेला.

तिसरी, जोडणी. नवा ट्रेलर जोडल्यावर खाली वाका आणि टॉर्चच्या उजेडात बघा: ट्रेलरच्या खुंटाभोवती जबडे मागच्या बाजूने पूर्ण मिटलेत का, आणि ट्रेलरचा तळ फिफ्थ व्हीलवर टेकलाय का. मध्ये उजेड दिसला तर जोडणी झालेली नाही. मग ट्रेलरचे ब्रेक लावून हलका झटका देऊन ओढून बघा. हे सगळं झाल्यावरच ट्रेलरचे पाय वर घ्या. उलटा क्रम केलात आणि जोडणी फसली तर वीस टनांचा ट्रेलर नाकावर बसतो.

६. वजन: एका काट्याची गोष्ट

पूर्ण गाडीला ८०,००० पौंड. पुढच्या ॲक्सलला साधारण १२,०००, ट्रॅक्टरच्या मागच्या जोडीला ३४,०००, ट्रेलरच्या जोडीला ३४,०००. (इथे ट्रॅक्टर म्हणजे पुढचं इंजिनाचं धूड. माझ्या वडिलांना हे समजावताना दोन फोन गेले.) माल ३५,००० पौंडांच्या वर असेल तर मी गोदामातून निघून थेट सर्वांत जवळच्या काट्यावर जातो. कॅट स्केलवर (ट्रक स्टॉपवरचा वजनकाटा) पहिल्या वजनानंतर २४ तासांच्या आत त्याच काट्यावर पुन्हा वजन करायला फार कमी पैसे लागतात, म्हणून दुरुस्ती करून पुन्हा चढायला कचरू नका.

एकदा पाण्याच्या बाटल्या भरल्या होत्या. चिठ्ठी आली: पुढे ११,९००, मध्ये ३४,८६०, मागे ३१,४००. एकूण ७८,१६०, म्हणजे गाडी हलकीच, पण मधली जोडी ८६० पौंडांनी जड. पुढच्या राज्याच्या काट्यावर हे पकडलं जाणार. उपाय म्हणजे ट्रेलरची मागची चाकं पुढे सरकवणं. चाकं पुढे आली की ट्रेलरच्या जोडीवर भार वाढतो आणि ट्रॅक्टरवरचा उतरतो. चाकं ज्या पट्टीवर सरकतात तिला खिळे अडकवायची भोकं असतात; त्या ट्रेलरवर एका भोकाला साधारण ४०० पौंड सरकत होते, म्हणून तीन भोकं.

क्रम असा: सपाट जागी उभे राहा. ट्रेलरच्या बाजूचा दांडा ओढून खिळे आत घ्या. आत येत नसतील तर गाडी इंचभर मागेपुढे हलवा, दांड्यावर लाथा मारून काही होत नाही. ट्रेलरचे ब्रेक लावा, ट्रॅक्टरचे सोडा. आता हळू मागे या. चाकं जागेवर अडकलेली असतात आणि ट्रेलरची पेटी त्यांच्यावरून मागे सरकते, म्हणजेच चाकं पेटीखाली पुढे येतात. तीन भोकं मोजा, दांडा सोडा, किंचित हलवून खिळे खटकन बाहेर आल्याचा आवाज ऐका. मग खाली उतरून चारही खिळे डोळ्यांनी बघा. ऐकल्यावर विश्वास ठेवून निघालेल्या एकाची चाकं पहिल्या जोरदार ब्रेकला पेटीखालून शेवटपर्यंत घसरत गेली होती.

दुसरी चिठ्ठी: ११,९००, ३३,६६०, ३२,६००. सगळ्या प्रकाराला २५ मिनिटं. पकडलं गेलं असतं तर दंड वेगळा आणि माल सारखा करेपर्यंत अर्धा दिवस वेगळा.

कॅलिफोर्नियात जाणार असाल तर चाकं किती मागे ठेवायची यालाही मर्यादा आहे: खुंटापासून मागच्या ॲक्सलच्या मध्यापर्यंत ४० फूट. बहुतेक ट्रेलरवर त्याची खूण केलेली असते. तिथे ट्रकची वेगमर्यादाही ५५ आहे, तेव्हा त्या राज्यातल्या मैलांना सरासरी कमी धरा.

७. मार्ग उलटा आखा

माल पोचवायच्या वेळेपासून मागे मोजत या. समजा ओमाहाहून पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गला जायचंय, साधारण ११०० मैल, गुरुवारी सकाळी सातची वेळ. पन्नासच्या हिशेबाने २२ तास, म्हणजे पूर्ण अकरा-अकरा तासांचे दोन दिवस. मंगळवारी पहाटे पाचला निघालात तर संध्याकाळी इंडियाना, बुधवारी पुन्हा पहाटे निघून दुपारी हॅरिसबर्गजवळ, रात्र तिथे, गुरुवारी सातला दारात. सोमवारी माल मिळाला तर जीवाला आराम. मंगळवारी दुपारी मिळाला तर ही वेळ गाठणं अवघड आहे, आणि ते डिस्पॅचरला (कंपनीत बसून ड्रायव्हरांना माल वाटून देणाऱ्याला) मंगळवारी दुपारीच सांगायचं. बुधवारी रात्री सांगितलं की तुम्ही उशीर केलात असं होतं, मंगळवारी सांगितलं की गोदामाने.

इथे एक बारीक खोच आहे. गोदामाची वेळ ही तिथली स्थानिक असते आणि ईएलडी तुमच्या कंपनीच्या ठाण्याच्या वेळेवर चालतो. कंपनी शिकागोची असेल तर हॅरिसबर्गचे सात म्हणजे यंत्रावरचे सहा. पूर्वेकडे जाताना तास हरवतो, पश्चिमेकडे जाताना मिळतो. मी गाडीत दुसरं साधं घड्याळ चिकटवून ठेवलंय, गोदामाच्या वेळेला लावलेलं.

पार्किंग हा आखणीतला सर्वांत दुर्लक्षित भाग. पायलट, लव्हज, टीए या ट्रक स्टॉप कंपन्यांच्या मोठ्या तळांवरही संध्याकाळी सहानंतर जागा मिळणं नशिबावर, आणि पूर्व किनाऱ्याला तर चारनंतरच. म्हणून मी पहाटे तीन-चारला निघतो आणि दुपारी तीन-चारला थांबतो. रस्ता मोकळा, जागा मिळते, आणि सकाळी उतरवणाऱ्या गोदामांची वेळही जुळते. थांबायच्या तीन जागा लिहून ठेवा: ठरलेली, त्याच्या ५० मैल आधीची, आणि नंतरची एक. महामार्गावरून बाहेर पडायच्या रॅम्पवर किंवा ओसाड पंपावर रात्र काढू नका. २००९ मध्ये साउथ कॅरोलिनात गोदामाने वेळेआधी आत घेतलं नाही म्हणून एक ड्रायव्हर बंद पडलेल्या पंपावर थांबला आणि लुटारूने त्याला गोळी घातली. त्याच्या नावाचा जेसन्स लॉ २०१२ मध्ये झाला, ट्रकसाठी सुरक्षित जागा वाढवायला. जागा अजूनही पुरत नाहीत.

८. गोदामाच्या दारात

माल घेताना बिल ऑफ लेडिंगवर (मालाच्या कागदावर) सहा गोष्टी बघा: नग, वजन, पत्ता, वेळ, सीलचा क्रमांक, आणि रीफर असेल तर तापमान. तापमान कागदावर एक आणि तोंडी दुसरं असेल तर निघण्याआधी डिस्पॅचरकडून लेखी घ्या. माल तुमच्यासमोर भरला नसेल तर सहीशेजारी 'शिपर लोड अँड काउंट' (माल पाठवणाऱ्यानेच भरला आणि मोजला) असं लिहायला सांगा. सील तुम्ही तोडायचं नाही. उतरवताना त्यांच्या माणसासमोर तोडलं जाऊ द्या. उतरवणाऱ्या हमालांचे पैसे आधी कंपनीकडून मंजूर करून घ्या आणि पावती सोडू नका.

गेटवर पोचल्याची वेळ, दारात लावल्याची वेळ आणि सुटल्याची वेळ कागदावर त्यांच्याकडून लिहून घ्या. अडकल्याचे पैसे या तीन आकड्यांवर मिळतात. दीड तास झाला की डिस्पॅचरला संदेश टाका, दोन तास पुरे होण्याची वाट बघू नका.

एका किराणा मालाच्या गोदामात मी सकाळी सहाच्या वेळेला पावणेसहाला हजर होतो आणि दुपारी एकला माल उतरवून झाला. आदल्या रात्री दीडला निघालो होतो, म्हणजे चौदाचं घड्याळ संपायला अडीच तास. तोवर कागद मिळायलाच साडेतीन वाजले. पहारेकरी म्हणाला, आवारात थांबता येणार नाही. अशा वेळी फेडरल मार्गदर्शनात सोय आहे: माल भरून किंवा उतरवून झाल्यावर तास संपले असतील तर जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत 'पर्सनल कन्व्हेयन्स' (कामाबाहेरचं, खासगी चालवणं) अशी नोंद लावून जाता येतं. जवळची म्हणजे जवळची. पुढच्या कामाच्या दिशेने ८० मैल मारून घेतले तर तो खोटा लॉग. काही कंपन्या ही सोय वापरूच देत नाहीत, म्हणून आजच विचारून ठेवा. रात्री गेटबाहेर हॉर्न वाजत असताना विचारायची वेळ येऊ नये.

९. डोंगर, वारा, बर्फ

उतारावर वेग उतार सुरू होण्याआधी कमी करायचा आणि इंजिन ब्रेकवर गाडी धरायची. ओरेगनमध्ये आय-८४ वर कॅबेज हिलचा सहा टक्के उतार आणि त्यातली वळणं बघितली की हे आपोआप पटतं. वायोमिंगमध्ये आय-८० वर बर्फापेक्षा वारा वाईट. शायान आणि लॅरमीच्या मध्ये हा रस्ता ८,६४० फुटांवर जातो. रिकामा ट्रेलर तिथे पत्र्याच्या डब्यासारखा आडवा होतो, म्हणून हलक्या गाड्यांना रस्ता बंद करतात तेव्हा बंद म्हणजे बंद. कोलोरॅडोत आय-७० वर डॉटसेरो ते मॉरिसन या टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे साखळ्या गाडीत असाव्याच लागतात, ऊन पडलेलं असलं तरी. साखळ्या घालायचा सराव मात्र उन्हात, कोरड्या जागी करून घ्या.

हवा बिघडली तर थांबायचा निर्णय तुमचा, डिस्पॅचरचा नव्हे. थांबलात की लगेच कळवा.

१०. पोट आणि झोप

ट्रक स्टॉपवरचं तळलेलं रोज खाल्लं तर पुढच्या मेडिकलला रक्तदाब सांगून जातो. कंपनीची परवानगी घेऊन इन्व्हर्टर बसवा आणि लहान कुकर ठेवा. मी दुपारी थांबलो की मुगाची खिचडी लावतो, तोवर गाडीभोवती पंधरा फेऱ्या मारतो. डिझेल भरलं की अंघोळीचे पॉइंट मिळतात, ते फुकट घालवू नका.

घोरण्याचा, दिवसा पेंगण्याचा त्रास असेल तर झोपेची तपासणी स्वतःहून करून घ्या. श्वासाचं यंत्र लावून झोपणाऱ्यालाही मेडिकल कार्ड मिळतं.

११. आठवडा बंद करताना

दर रविवारी पंधरा मिनिटं लॉग घेऊन बसा. चाकं किती तास फिरली, उभे किती तास गेले, आणि सर्वांत जास्त कुठल्या दारात गेले. मग सत्तराचं बघा. रोज पावणेनऊ तासांच्या आत काम ठेवलं तर ३४ तासांची विश्रांती लागतच नाही, कारण रोज मध्यरात्री आठ दिवसांपूर्वीचे तास परत मिळतात. लांब धावा मिळत असतील तर मात्र पाच-साडेपाच दिवसांत सत्तर संपवून ३४ तास थांबणं जास्त मैल देतं. डिस्पॅचर कामाला बसण्याआधी त्याला एका ओळीत सांगून टाका: आज ड्रायव्हिंग इतके तास, चौदाचे इतके, सत्तराचे इतके, या शहरात, या वेळेला मोकळा. ज्या ड्रायव्हरचे तास त्याला न विचारता माहीत असतात त्या ड्रायव्हरला तो लांबचा माल आधी देतो.

घरी जायची तारीख किमान दोन आठवडे आधी लेखी मागा, आणि जायच्या चार दिवस आधी आठवण करून द्या. मागताना खऱ्या तारखेच्या एक दिवस आधीची लिहा. मुलीच्या वाढदिवसाच्या रात्री मी नेब्रास्कात एका रेस्ट एरियात होतो, तेव्हापासून असंच लिहितो.